शाहजाद्याचं कलमदान

"मावशी, कबरीवरची चादर जरा बाजूला घ्या. मापं घ्यायचीत."

खातूनबी जागची हलली नाही. हातात खराटा घेऊन ती घुमटाच्या आत कबरीच्या पायथ्याशी उभी होती. साठीच्या पुढची, काटकुळी बाई. "बाप्या माणसासमोर चादर उचलत नाहीत इथं," ती म्हणाली. "माझ्या मालकांनी पण कधी उघडी बघितली नव्हती. बाप्यांनी उंबऱ्यावरनं सलाम करायचा नि परत फिरायचं."

"मी बाप्या नाही, सरकारी माणूस आहे."

मला वाटलं, मी मोठा विनोद केला. ती काही हसली नाही. थोडा वेळ माझ्या हातातल्या टेपकडं बघत राहिली, मग खराटा भिंतीला टेकवला आणि हिरवी चादर एका बाजूनं दुमडत नेली.

हे त्र्याऐंशी साल. मी सरकारी कचेरीत जुन्या वास्तूंचे नकाशे काढायचो. आमच्या तालुक्यात शहानिंब म्हणून गाव, त्या गावाच्या शिवारातून कालवा जाणार होता, आणि कालव्याच्या बरोब्बर रेघेवर हा घुमट उभा होता. कचेरीच्या जुन्या यादीत 'शहानिंब येथील शाहजाद्याची कबर, घुमटासह' अशी एक ओळ होती. यादीतली वास्तू पाडता येत नाही. पण शहानिंबला घुमट दोन. एक हा, धडधाकट, आणि दुसरा ओढ्यापलीकडं, निम्मा ढासळलेला. यादीतला शाहजादा कोणत्या घुमटात, हे ठरवायला मला पाठवलं होतं. हा घुमट शाहजाद्याचा निघाला तर कालवा वळणार, नाही तर घुमट जाणार.

आता मी काही साधासुधा नकाशेवाला नव्हतो, निदान मला तसं वाटायचं. निजामशाही, आदिलशाही, बरीदशाही, सगळ्या घराण्यांच्या वंशावळी मला तोंडपाठ. कोण कुणाचा मुलगा, कुणी कुणाला किल्ल्यात डांबला, कुणी सख्ख्या भावाचे डोळे काढले, विचारा आणि मी सांगणार. न विचारताही सांगणार. लग्नाकार्यात पंगतीत लोक माझ्या शेजारचं पान टाळायचे. सुटीच्या दिवशी बायकोमुलाला घरी ठेवून मी सायकलवर घुमट बघत हिंडायचो. नुसती कमान बघून ती कोणत्या बादशहाच्या अमदानीतली ते सांगायचो, आणि ते बहुतेक वेळा बरोबर निघायचं. हेच तर वाईट झालं.

खातूनबीचं सासर म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या या घुमटाची झाडलोट करणारं घराणं. आपण शाहजाद्याच्या रक्ताचे असं ते सांगत. गावात त्यांना चेष्टेनं 'शाहजादे' म्हणत, कारण शाहजाद्यांच्या घरात दोन वेळची भाकर कधी धड नव्हती. नवरा वारला होता. एकुलता एक मुलगा दस्तगीर भिवंडीला मागावर कामाला. ही एकटी घुमटाच्या भिंतीला टेकवलेल्या पत्र्याच्या छपरात राहायची, रोज आत झाडायची, गुरुवारी ऊद घालायची. घुमटही देखणा होता. चौकोनी भिंती, तीन बाजूंना कमानी, वर कळ्यांची रांग आणि तिच्यात बसवल्यासारखा गोल. आत बोललं की आवाज वर जाऊन सावकाश खाली यायचा.

चादर सरकली आणि मी खाली वाकलो.

एक गोष्ट सांगायला हवी. या घराण्यांच्या कबरींवर एक खूण असते. पुरुषाच्या कबरीवर मधोमध उभा लांबट उंचवटा असतो, लेखणी ठेवायच्या पेटीसारखा. त्याला कलमदान म्हणतात. बाईची कबर वरून सपाट असते, पाटीसारखी. हे आमच्या धंद्यातलं पहिलं शिक्षण. शिलालेख नसला, कागद नसला, तरी कबर बाप्याची की बाईची हे आंधळ्यालासुद्धा हात फिरवून सांगता येतं.

मी हात फिरवला. सपाट. मधोमध जरा खडबडीत लागलं इतकंच.

"ही कबर शाहजाद्याचीच ना, मावशी?"

"त्याचीच. दुसऱ्या कुणाची असणार?"

मी हसलो. मोठ्यानं नव्हे, गालातल्या गालात. पिढ्यान्‌पिढ्या हे लोक कुणा बेगमेला शाहजादा म्हणून सलाम करतायत, असं मनात आलं आणि मला गंमत वाटली. वहीत लिहिलं : 'कबरीचा माथा सपाट. स्त्रीची कबर. यादीतील शाहजाद्याची नव्हे.' खाली तारीख घातली, सही केली. खातूनबीनं मला गुळाचा चहा पाजला. आपण काय लिहिलं हे मी तिला सांगितलं नाही. कशाला तिचं मन मोडा, असा उदार विचार केला.

बारा दिवसांनी हुकूम निघाला आणि तो नेऊन द्यायला मलाच धाडलं.

गुरुवार होता. ती उंबऱ्यावर बसून ऊद कुटत होती. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून मी वाचून दाखवलं. 'सदर घुमटातील कबर स्त्रीची असल्याचे प्रत्यक्ष पाहणीत दिसून आल्याने' इथपर्यंत आलो आणि तिनं माझं मनगट धरलं.

"स्त्रीची? कोण म्हणालं?"

"मी म्हणालो, मावशी. माथा सपाट आहे. पुरुषाच्या कबरीवर कलमदान असतं."

"होतं की."

"काय होतं?"

"कलमदान. मी लग्न होऊन आले तेव्हा चार बोटं उंच होतं. सासू सांगायची, तिच्या सासूच्या वेळी वीतभर होतं."

मला वाटलं, म्हातारी आता काहीबाही सांगणार. "मग गेलं कुठं?"

ती उठली, आत गेली, मलाही आत बोलावलं, आणि उंबऱ्याच्या आत आल्यावरच हलक्या आवाजात सांगायला लागली. जिची कूस उजवत नाही अशी बाई गुरुवारी तिसऱ्या प्रहरी इथं येते. हिंदू असो, मुसलमान असो, कुणी असो. बरोबर कुणी बाप्या नसतो. खातूनबी चादर सारते. बाई आपल्या पायातलं जोडवं काढते, त्याच्या कडेनं शाहजाद्याच्या कलमदानाचा चुना चिमूटभर खरवडते आणि दुधातून घेते. पोर होतं. आणि पोर झाल्यावर बाई पुन्हा या घुमटाची पायरी चढत नाही. कुणापाशी, नवऱ्यापाशीसुद्धा, याचा उच्चार करत नाही. तशी आणच असते. झाडलोट करणाऱ्या घराला तेवढी ती लागू नाही.

"तीनशे-साडेतीनशे वर्षं हेच चाललंय भाऊ. चार वर्षांमागं शेवटची चिमूट दिली, मग सांगितलं, आता काही उरलं नाही, येऊ नका. माझा दस्तगीर त्यातलाच. मी म्हातारीनं शाहजाद्याला चिमटी-चिमटीनं गावाला वाटून टाकला."

मी गुडघ्यावर बसलो आणि तो खडबडीत पट्टा पुन्हा पाहिला. या वेळी नीट पाहिला. हजारो बारीक ओरखडे, सगळे आडवे, सगळे मधोमध. मी त्यावरून हात फिरवला होता आणि 'जरा खडबडीत' म्हणून सोडून दिलं होतं.

"मावशी, मला त्या दिवशी का नाही सांगितलंत हे?"

"तुम्ही विचारलंत कुठं? नुसते हसलात."

तसाच सायकल हाणत तालुक्याला आलो. सातभाईसाहेब म्हणून चौकशी अधिकारी होते, हुकमावर त्यांची सही. माणूस वाईट नव्हता. माझं सगळं ऐकून घेतलं, पाणी दिलं. मग म्हणाले, "खरमाळे, बारा दिवसांपूर्वी तुम्ही लिहून दिलं, सपाट. आज सांगताय, उंचवटा होता पण बायकांनी दुधातून पिऊन टाकला. मी हे वर कसं पाठवू?"

"मी चुकलो असं लिहून देतो."

"चुकलात म्हणजे काय? सपाट नाहीये का ते?"

"सपाटच आहे, साहेब."

"मग?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "एक होऊ शकतं. ज्यांनी तो उंचवटा डोळ्यांनी पाहिलाय अशा तीन जणांचे जबाब आणा. म्हातारीच्या घरातलं कुणी नको, तिचा त्यात स्वार्थ आहे. शनिवारी अकराला मी जागेवर येतो. तीन जबाब मिळाले तर काम थांबवून वर लिहितो. नाही तर सोमवारी यंत्र लागेल."

शुक्रवारचा एकच दिवस हातात होता. आणि पाहिलेलं कुणी? बाप्यांनी तर उंबरा ओलांडला नव्हता. पाहिलं होतं ते फक्त त्या बायकांनी, ज्यांना बोलायची बंदी.

शुक्रवारी सकाळी पहिल्या गाडीनं शहानिंबला पोचलो. "मावशी, नावं सांगा," मी म्हणालो. "तुमच्या पाया पडतो. घुमट वाचवायचाय की नाही?"

"नावं तोंडानं घ्यायची नाहीत." तिनं पदराचं टोक पिळलं. मग म्हणाली, "तोंडानं नाही ना? चला."

डोक्यावर शेणीची पाटी घेऊन ती गावात शिरली आणि मी पन्नास पावलं मागं राहून चालू लागलो. एका दारापुढं ती थांबली, वाकून चपलेचा अंगठा नीट केला आणि पुढं निघाली. मग दुसऱ्या दारापुढं. मग तिसऱ्या. मला वाटलं होतं चार-दोन घरं असतील. वरच्या आळीपासून खालच्या वेशीपर्यंत खातूनबी वीस वेळा वाकली. मारुतीच्या देवळाशेजारी वाकली, सुताराच्या घरापुढं वाकली, कालवा आणण्यासाठी ज्यांनी मुंबईला खेपा घातल्या त्या सरपंचाच्या दारापुढं तर दोनदा वाकली. एकदा सुनेसाठी, एकदा सासूसाठी असावी.

एकोणीस दारं. मला हवे होते तीन जबाब. माझ्या जिवात जीव आला.

पहिलं दार तान्हूबाई गव्हाण्यांचं. धिप्पाड, बोलघेवडी बाई, मुलगा फौजेत. "या की सायेब, कालव्याचं पानी कवा येनार?" म्हणत तिनं घोंगडी टाकली. मी कलमदानाचा शब्द काढला आणि तिचा चेहरा झर्रकन उतरला. "कसलं कलम? आमी अडानी मानसं." मी म्हणालो, नुसतं पाहिलं होतं एवढं सांगा, का पाहिलं ते सांगू नका. ती उठली, घोंगडीचं टोक माझ्या बुडाखालून ओढलं. "म्हस पिळायचीय," म्हणाली. दुपारी साडेअकराला कोण म्हैस पिळतं?

दुसऱ्या दारी सासू पुढं आली. सून मागच्या दारानं रानात पळाली. तिसऱ्या दारी कुत्रं सोडलं. सुताराच्या बायकोनं सगळं ऐकून घेतलं, डोळ्यांत पाणी आणलं आणि हात जोडून नाही म्हणाली. सरपंचाच्या दारी मी गेलोच नाही असं नाही, पण ओसरीवर खुद्द सरपंचच बसले होते. त्यांच्यासमोर त्यांच्या आईला काय विचारणार?

दुपार टळली तसा माझा आवाज चढत गेला. मी विनवलं, दटावलं, एकीला तर सरकारी कामात अडथळा म्हणून खटला भरीन असंही म्हणालो. माझी मलाच लाज वाटते आज. पण तेव्हा डोळ्यांपुढं फक्त शनिवारचे अकरा होते, आणि वहीतली माझी ती ओळ. ती ओळ मी लिहिली नसती तर यातलं काहीच झालं नसतं. एका रेघेत साडेतीनशे वर्षांची इमारत पाडली होती मी, आणि वर गालातल्या गालात हसलोही होतो.

सतरावं दार शमीमचं. पिंजाऱ्याची तरणी सून, उंबऱ्यात कापूस निवडत बसलेली. पाळण्याच्या वयाच्या पुढं गेलेलं तिचं पोर मांडीवर झोपलं होतं. तिनं मला घालवून दिलं नाही. म्हणाली, "साहेब, तुम्हाला पोरबाळ आहे?"

"आहे. मुलगा. आठ वर्षांचा."

"आण अशी असते, साहेब. जी बोलेल तिच्या पोरावर येतं. ज्या मातीनं दिलं तीच माती परत मागते."

"हे खोटं असतं गं बाई. बोलण्यानं कुणाला काही होत नाही."

"नसेल होत," ती म्हणाली. पोराच्या केसांतला कापसाचा तंतू तिनं काढला. "पण करून बघायचं कुणाच्या पोरावर? माझ्या?"

मी तिथून उठलो. राहिलेली दोन दारं वाजवली, पण माझ्यात जोर राहिला नव्हता.

संध्याकाळी घरी आलो. शालननं, माझ्या बायकोनं, ताट वाढलं. मुलगा अविनाश शेजारी बसून उजळणी म्हणत होता. मी जेवता जेवता सगळी भडास काढली. घुमट, हुकूम, एकोणीस दारं, ती आण, सगळं सांगितलं. "एक बाई धड निघत नाही," मी म्हणालो. "एक. नुसतं 'पाहिलं' एवढं म्हणायचंय. ज्यानं पोर दिलं त्याचं छप्पर उद्या जातंय नि ह्या दार लावून बसल्यात. भित्र्या, दुसरं काय. कृतघ्न."

"सगळ्यांच्या पोरांचा प्रश्न आहे," शालन म्हणाली.

"कसला प्रश्न? खुळचट समजुती सगळ्या. आणि तू कशाला त्यांची बाजू घेतेस?"

तिनं मला आणखी भाकरी हवी का विचारलं. मी नको म्हणालो.

शनिवारी अकराला सातभाईसाहेब जीपनं आले. घुमटापुढच्या लिंबाखाली टेबल-खुर्ची मांडली. कालव्याचे दोन मुकादम, सरपंच, गावची पुरुषमंडळी जमली. बायका लांब बांधावर, पदर पुढं ओढून उभ्या होत्या. त्यातल्या वीस जणी कोणत्या ते मला आता ठाऊक होतं. खातूनबी उंबऱ्यावर बसली होती, आत नाही, बाहेर नाही.

"किती साक्षीदार?" साहेबांनी विचारलं.

"साहेब, थोडा वेळ द्या."

"किती, खरमाळे?"

मी बांधाकडं पाहिलं. कुणी मान वर केली नाही. "एकही नाही," मी म्हणालो.

त्यांनी कागद पुढं ओढला. मी बडबडत सुटलो. ओरखडे दाखवतो म्हणालो, चुन्याचा तुकडा पुण्याला तपासणीला पाठवा म्हणालो, माझी नोकरी घ्या म्हणालो. सरपंच हसले. "सायेब, ह्यांना शाहजाद्यानं झपाटलंय." लोक हसले. साहेब हसले नाहीत, पण त्यांनी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात फाट्यावर सव्वाअकराची एस. टी. थांबली. एक बाई उतरून भराभरा शेताच्या वाटेनं यायला लागली. जवळ येईपर्यंत मी ओळखलंच नाही. घरातल्या माणसाला आपण रानात बघायला सरावलेले नसतो.

शालन होती. टेबलाशी येऊन उभी राहिली. धाप लागली होती. माझ्याकडं तिनं बघितलंसुद्धा नाही.

"मला जबाब द्यायचाय," ती साहेबांना म्हणाली. "मी त्या कबरीवरचा उंचवटा पाहिलाय. नऊ वर्षांपूर्वी, आषाढातल्या गुरुवारी. माझं माहेर इथून दोन कोसांवर आहे. आईबरोबर आले होते. जेमतेम एक बोट उंच होता, आणि माझ्या वितीनं साडेतीन विती लांब. डोक्याकडच्या टोकाला चीर होती. मी याच हातानं खरवडलाय." तिनं उजवा हात टेबलावर ठेवला.

मी त्या हाताकडं बघत राहिलो. आमच्या लग्नाला सहा वर्षं होऊन मूल नव्हतं. मी तिला नगरला डॉक्टरकडं न्यायचो. गोळ्या होत्या, महिन्याला इंजेक्शन होतं. अविनाश झाला तेव्हा मी त्या डॉक्टरांना पेढ्यांचा पुडा नेऊन दिला होता.

साहेबांनी लिहायला घेतलं. "नाव?"

"शालन दिगंबर खरमाळे."

पेन थांबलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. "तुम्ही यांच्या कोण?"

"मालकीण."

त्यांनी पेन खाली ठेवलं. आवाज खाली आणला, बाईमाणसाशी आणावा तसा. "बाई, ज्यानं हरकत घेतलीय त्याच्याच बायकोचा जबाब मी लावला तर वरचे मला विचारतील, काल रात्री नवऱ्यानं पढवलं असेल. हा कागदावर टिकणार नाही. शिवाय एक आहे, मी तीन मागितले होते."

"मला कुणी पढवलं नाही. यांना तर आत्ता कळतंय."

"ते मला दिसतंय," साहेब माझ्या तोंडाकडं बघत म्हणाले. "पण दिसतंय ते मला लिहिता येत नाही."

शालन वळली. बांधावरच्या बायकांकडं बघत उभी राहिली. हाक मारली नाही, हात केला नाही, नुसती बघत राहिली. मीही बघत होतो. मला वाटलं, आता एखादी उतरेल. ही बोलली, आता दुसरी बोलेल. तान्हूबाईचा पाय उचललेला मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. मग तो तिनं होता तिथंच ठेवला. शमीमनं पोराला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि पाठ फिरवली.

साहेबांनी सही केली.

खातूनबी उंबऱ्यावरून उठून आली. मला वाटलं, शालनचे उपकार मानायला येतेय. तिनं शालनचे दोन्ही दंड धरले आणि गदागदा हलवले.

"कशाला बोललीस गं पोरी? दगडमातीच्या घरापायी? ते पडलं असतं तर पडलं असतं. कशाला बोललीस?"

शालनचा चेहरा पांढरा पडला. इतका वेळ ती ताठ उभी होती. "यांची ओळ चुकली होती," ती म्हणाली. "यांना झोप नव्हती." मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मावशी, आता माझ्या पोराचं काय?"

म्हातारीनं तिचे दंड सोडले. तिच्याकडं नीट पाहिलं. मग तिच्या गालावर हात ठेवून भराभरा बोलायला लागली. "काही नाही होत. अगं, काही नाही. ते आपलं सासवांनी काढलेलं. बाप्यांना कळू नये, त्यांनी बंद पाडू नये, म्हणून घातलेली आण. खोटीच ती. तू नको मनावर घेऊ. काही नाही होत."

"खरं सांगा."

"खरंच सांगते."

मी शेजारीच उभा होतो. मी दोन्ही ऐकलं, आधीचं आणि नंतरचं.

सोमवारी यंत्र लागलं. घुमट सकाळी आठ ते दुपारी तीनपर्यंत उभा राहिला आणि मग बसला. बांधकाम फार चांगलं होतं. खातूनबीला दस्तगीर भिवंडीला घेऊन गेला. तिथं तिला करमलं नाही, दिवाळीच्या आत ती वारली. कालव्याला पाणी आलं, शहानिंबला ऊस झाला. मी नोकरी सोडली नाही, पण त्यानंतर कुठल्याही कबरीबद्दल कागदावर 'दिसून आले' असं लिहिलं नाही.

त्या शनिवारी परतीच्या गाडीत मी शालनला विचारलं, "मला इतकी वर्षं का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तुम्हाला पोर हवं होतं की गोष्ट?" तालुक्याला उतरल्यावर आम्ही दोघं शाळेच्या दिशेनं चालायला लागलो आणि अर्ध्या वाटेवर कधी पळायला लागलो ते कळलं नाही. अविनाश मैदानावर विटीदांडू खेळत होता. आम्हाला बघून लाजला. पोरांसमोर आईबाप असे धापा टाकत आलेले कुणाला आवडेल?

या गोष्टीला चाळीस वर्षं उलटून गेली. अविनाशला काहीही झालेलं नाही. साधं हाड मोडलं नाही. पुण्यात असतो, दोन मुली आहेत, पोटही सुटलंय. त्याला यातलं काही माहीत नाही. "तुम्ही दोघं इतकी घाबरट कशी?" म्हणून तो आम्हाला हसतो. माझा या असल्या गोष्टींवर विश्वास नाही, तेव्हाही नव्हता.

परवा तो गाडी घेऊन कोल्हापूरला निघाला होता. पोचल्यावर फोन करतो म्हणाला. पाच वाजले, सहा वाजले, फोन नाही. मी लावला तर लागेना. शालन स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली, काही तरी बोलणार होती. मग तिनं माझ्या पायांकडं पाहिलं. मी चपला घालून दारात उभा होतो.